अर्ध्या आडाचं पाणी

आमचं स्वयंपाकघर ७ फूट लांब आणि ६ फूट रुंद आहे. टेप लावून मोजलंय, म्हणून ठामपणे सांगते. मोजायची वेळ आली ती २०२२ च्या श्रावणात, पाणी शुद्ध करण्याच्या एका यंत्रासाठी. त्याआधी चोवीस वर्षं मी त्या खोलीत रांधत होते. पण कुठं कोपर लागतं आणि कुठं मान वाकवायची, एवढंच तिचं माप मला ठाऊक होतं.

१९८१ साली लग्न होऊन मी शहापुरातल्या या घरात आले तेव्हा ही खोली नव्हतीच. माजघरातून परसातल्या आडाकडं जायचा तो बोळ होता, चांगला साडेआठ फुटी. पावसाळ्यात तिथं सरपण रचलेलं असे, उन्हाळ्यात कैऱ्या पसरलेल्या असत. सासूबाई पहाटे त्या बोळातून अनवाणी जात आणि एक घागर डोक्यावर, एक कळशी काखेत अशा परत येत. १९९८ साली दोघा भावांची वाटणी झाली. जुनं ऐसपैस स्वयंपाकघर थोरल्यांकडं गेलं. आम्ही बोळातले सहा फूट भिंत घालून घेतले, टोकाचं दार बुजवून तिथं खिडकी केली, ओटा घातला, माजघराकडच्या टोकाला हातभर सिंक बसवलं, आणि झालं आमचं स्वयंपाकघर. उरलेली अडीच फुटी वाट परसात जायला दोन्ही घरांसाठी ठेवली.

वाटणी म्हणजे काय असतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. भांडी मोजली, पाट मोजले. सासूबाईंचे तांब्याचे दोन हंडे होते, ते एकेक झाले. परसात चुन्याची रेघ मारली. ती रेघ आडाच्या कठड्यापाशी येऊन थांबली. आड कसा वाटणार? कागदावर लिहिलं, ‘आड उभयतांचा सामाईक’. मग त्या सामाईक आडात दोन मोटारी बसल्या, दोन पाइप आले.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. आम्हा दोघींचं बोलणं त्या वर्षी थांबलं ते थांबलंच. भांडण असं नव्हतं. लग्नकार्यात एका पंगतीला बसायचो, एकमेकींच्या पानात वाढायचोही. पण आपण होऊन बोलायचं नाही, असं दोन्ही घरांनी न ठरवताच ठरवून टाकलं होतं. माझी खिडकी नेमकी त्यांच्या वाट्याच्या परसात उघडते. अक्का आडावर भांडी घासत असायच्या आणि मी खिडकीआड भाकरी थापत असायची. दोघींना एकमेकींच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येई, एवढाच संबंध.

बेळगाव-शहापूरच्या माणसाला आडाचं कौतुक फार. गाव तांबड्या मातीचं, जांभ्या दगडाचं, पाऊस भरपूर. जुन्या घरांच्या परसात आड असायचेच. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा जमणाऱ्या माणसांच्या पाण्यासाठी विहीर खोदली होती. टिळकवाडीत ती काँग्रेस विहीर अजून आहे. पुढं राकसकोपचं पाणी आलं, हिडकलचं आलं, घरोघर नळ झाले. तरी प्यायचं ते आडाचंच, हा आमच्या घरचा बाणा. सासूबाई म्हणायच्या, “नळाचं पाणी भांड्यांना, आडाचं पाणी तोंडाला.” वाटणी झाली तरी हा बाणा दोन्ही घरांनी सोडला नाही. नळ काही दिवसांआड यायचा, त्याचं पाणी आणि आडाचं पाणी वरच्या एकाच टाकीत चढायचं. आणि पिण्यासाठी मुद्दाम आडाचा हंडा वेगळा भरला जायचा.

त्याच वाटणीत आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. घरं दोन झाली म्हणून संडासही दोन झाले. गल्लीत तेव्हा भुयारी गटार नव्हतं. दोघांनीही आपापल्या वाट्याच्या परसात शोषखड्डे काढले. परस ते केवढं! त्यांचा खड्डा आडापासून तेरा फुटांवर, आमचा पंधरा फुटांवर. मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. विहिरीजवळ शोषखड्डा नसावा, हे फळ्यावर आकृती काढून मुलांना सांगत होते, आणि संध्याकाळी घरी येऊन खड्डा खणणाऱ्या गवंड्याला चहा देत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला एकदाही सुचलं नाही.

२०२२ च्या आषाढात यांना कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “पाणी कुठलं पिता?” यांनी पिवळ्या डोळ्यांनी, पण ताठ मानेनं सांगितलं, “घरच्या आडाचं.” डॉक्टर म्हणाले, “ते आधी तपासून घ्या.” मुलगा हैदराबादला असतो. त्याला तपासण्याबिपासण्यापर्यंत दम नव्हता. त्यानं तिथूनच आरओचं यंत्र ठरवून टाकलं आणि दोन दिवसांत त्या कंपनीचा माणूस पेटी घेऊन आमच्या माजघरात बसला.

त्यानं दोन पेले मांडले. एकात आमच्या आडाचं पाणी, एकात त्यानं आणलेलं शुद्ध पाणी. दोन्हीत विजेच्या सळ्यांचं एक उपकरण बुडवलं. दोनतीन मिनिटांत आमच्या पेल्यात तांबूस-काळा गाळ जमला, त्याचा पेला स्वच्छ राहिला. “बघा मॅडम, हे तुम्ही रोज पिता.” यांचा चेहरा उतरला. मी आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या स्वच्छ पेल्यात टाकून ढवळलं आणि म्हणाले, “आता बुडव.” थोड्या वेळानं त्यातही तसाच गाळ आला. तो गाळ पाण्यातला नसतोच. उपकरणातल्या लोखंडी सळीचं लोखंड विजेनं सुटून पाण्यात उतरतं. पाण्यात क्षार असले तर वीज वाहते आणि गाळ होतो. क्षार नसले तर वीज वाहत नाही, पाणी स्वच्छ राहतं. गाळ दिसला म्हणजे पाणी घाण, हे काही खरं नाही. पोरगा ओशाळला. त्यालाही पोट आहे. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, यंत्र ठेवून जा, पण पाणी तपासल्याशिवाय भिंतीला लावायचं नाही.

नळाचं आणि आडाचं, अशी दोन्ही पाणी मी प्रयोगशाळेत दिली. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक केलेली बाटली तिथूनच आणावी लागते, घरची चालत नाही. अहवाल आला तो असा : नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ७४ मिलिग्रॅम, नायट्रेट ५. आडाच्या पाण्यात क्षार ४८६, नायट्रेट ९२, आणि कोलिफॉर्म जंतू आहेत. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ च्या वर असू नये आणि कोलिफॉर्म तर मुळीच असू नयेत. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, की जिथं क्षार ५०० पेक्षा कमी आहेत तिथं आरओ यंत्रांना बंदी करावी, कारण त्यांत पाणी फार वाया जातं. त्या हिशेबानं आमचा आड पास होता. यंत्रवाले जे छोटं मीटर पाण्यात बुडवून दाखवतात, ते क्षारांची बेरीज सांगतं. कशाचे क्षार ते सांगत नाही. आणि जंतूंचा तर त्याला पत्ताच नसतो.

नायट्रेट कुठून आलं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. कागद हातात घेऊन मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आडाच्या एका बाजूला त्यांच्या खड्ड्याची फरशी, दुसऱ्या बाजूला आमच्या. मधे आड.

अहवाल मी घडी करून मिठाच्या बरणीमागं ठेवला. त्या घडीविषयी पुढं सांगणार आहे. आधी यंत्राचं सांगते, कारण मीही तेव्हा तसंच केलं.

यंत्र १६ इंच रुंद, १० इंच खोल, २० इंच उंच. शिवाय गाळ अडवणारी पहिली गाळणी बाहेर स्वतंत्र लटकते, तिला आणखी पाच-सहा इंच. वरचं झाकण उघडायला हातभर मोकळी जागा हवी. तोटीखाली कळशी मावली पाहिजे. शेगडीजवळ नको, ऊन नको, विजेचा खटका पाण्यापासून लांब पण वायर पोचेल इतका जवळ. ७ बाय ६ च्या खोलीत एवढ्या अटी पुऱ्या करायच्या म्हणजे मुलीचं स्थळ बघण्यासारखंच. मी खोक्याच्या पुठ्ठ्याचं यंत्राएवढं डबडं केलं आणि ते भिंतीवर ठिकठिकाणी धरून पाहिलं. ज्यांची घरं लहान आहेत त्यांना मी हाच सल्ला देईन. भिंतीला भोक पाडण्याआधी पुठ्ठ्याला विचारावं. सिंकच्या वर धरलं तर झाकण फळीला अडतं. शेगडीच्या बाजूला उष्णता. खिडकीशेजारी सकाळचं ऊन. माजघरात लावावं तर सांडपाण्याची नळी उंबरा ओलांडून न्यावी लागते. उरला खिडकीच्या पलीकडचा कोपरा. तिथं तिवईवर सासूबाईंचा तांब्याचा हंडा होता.

बसवणारा मुलगा खासबागेतला. फोनवर कन्नड, माझ्याशी मराठी आणि ड्रिल अडकलं की त्याच्याशी हिंदी बोलायचा. पहिलं भोक पाडताच तो थांबला. “काकू, ही भिंत मातीची आहे की ओ. खुंटी धरत नाही.” बोळाची ती जुनी भिंत कच्च्या भेंड्यांची, वर चुन्याचा गिलावा. टाकी भरल्यावर यंत्राचं वजन सहज पंधरा-सोळा किलो होतं. दोन स्क्रूंवर ते महिनाभरही टिकलं नसतं. मग माळ्यावरची एक जुनी सागवानी फळी काढली, ती लांब बोल्ट घालून भिंतीला आवळली आणि यंत्र त्या फळीवर टांगलं. फळी पाहून हे म्हणाले, “ही आपल्या बोळाच्या दाराची.” मी म्हणाले, “हो.” दोघंही पुढं काही बोललो नाही. हंडा माळ्यावर गेला.

यंत्राच्या आत काय चालतं ते मी नववीच्या वर्गाला तीस वर्षं शिकवलंय, फक्त उलट्या बाजूनं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळानं पातेल्यात पाणी सुटतं. फोडीतलं पाणी मिठाकडं धावतं. पेशीचं पातळ पटल पाणी जाऊ देतं, बाकीचं अडवतं. हे परासरण. आता त्या मिठाच्या पाण्यावर जोर लावून ते परत फोडीत ढकललं तर? पाणी तेवढं आत जाईल, मीठ बाहेर राहील. हे उलटं परासरण. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी असं काम करू शकणारं चांगलं पटल तयार केलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं समुद्राचं पाणी गोडं करणं होतं. आमच्या कोपऱ्यात तेच पटल मुठीत मावेल अशा नळकांड्यात गुंडाळलेलं आहे. आधी गाळाची गाळणी, मग कोळशाची, मग एक छोटा पंप, मग ते पटल. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट वाफ जाऊन पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. त्याला हे पटल लागतं.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्या मुलाशी वाद घातला. अशा यंत्रात एक छोटा स्क्रू असतो. पाणी फार बेचव होऊ नये म्हणून त्यातून पटलाला वळसा घालून थोडं मूळचं पाणी शुद्ध पाण्यात मिसळता येतं. तो म्हणाला, “सगळेजण थोडं सोडतात, काकू. चव येते.” मी म्हणाले, “माझ्याकडं चवीबरोबर नायट्रेटही परत येईल. पूर्ण बंद कर.” त्यानं बंद केला. पुढं मी यंत्राचं पाणी तपासून आणलं. नायट्रेट ८ होतं.

पहिल्या रात्री यंत्र चालू केलं आणि मला झोप लागेना. पटलानं अडवलेले क्षार वाहून जावेत म्हणून बरंच पाणी बाहेर सोडावं लागतं. नळी सिंकमध्ये सोडली होती, तिची बारीक धार अखंड चालू होती. उठून मापानं मोजलं. एक लिटर शुद्ध पाणी निघेपर्यंत पावणेतीन लिटर गटारात गेलं. या घरात आले त्या पहिल्या चैत्रात रहाट ओढून माझ्या तळहातांना फोड आले होते. तांब्याभर पाणी उष्टं टाकलं तर सासूबाई बघायच्या, बोलायच्या नाहीत. ती धार ऐकवेना. बादली लावावी तर सिंकखाली कचऱ्याचा डबा आणि तेलाचा पत्र्याचा डबा. बादली खाली ठेवली तर माजघराचं दार लागत नाही, ओट्यावर ठेवली तर पोळपाट ठेवायला जागा नाही. दोन दिवस मी ती बादली हातानं इकडून तिकडं सरकवत स्वयंपाक केला. मग लक्षात आलं, की यंत्र ज्या कोपऱ्यात आहे तिथून खिडकी एक हातावर. नळी खिडकीतून बाहेर सोडली की खाली परस. तिथं कितीही बादल्या मावतील. पण खिडकीखालचा तो पट्टा अक्कांचा.

आता त्या घडीविषयी. अक्कांच्या धाकट्या सुनेला आषाढात दुसरी मुलगी झाली होती. बाळाचं रडणं मला खिडकीतून ऐकू यायचं, न्हाऊ घालतानाचा धूर आत यायचा. अहवाल आला त्याच दिवशी आडाच्या कठड्यावर एक पत्र्याचा डबा धुऊन पालथा घातलेला मी पाहिला होता. दुधाच्या पावडरीचा. आईचं दूध पुरत नसणार. पावडर कालवायला पाणी कुठलं, हे सांगायची गरज नव्हती. चुलीवर पातेलं उकळत असलेलं मला दिसायचं. बाळासाठी म्हणून त्या पाणी जास्तच उकळत असणार.

नायट्रेट मोठ्या माणसाला फारसं काही करत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं नायट्राइट होतं आणि त्यानं रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. जास्त झालं तर अंग निळसर पडतं, जिवावर बेतू शकतं. हे मला माहीत होतं. ते टाळायला यंत्रही लागत नव्हतं. नळाच्या पाण्यात नायट्रेट ५ होतं. “बाळाला नळाचं पाणी उकळून द्या,” एवढं एक वाक्य खिडकीतून बोलायचं होतं.

ते वाक्य मी अकरा दिवस बोलले नाही.

का, याची कारणं मी त्या अकरा दिवसांत पुष्कळ जमवली. त्यांना वाटेल आम्ही त्यांच्या खड्ड्याला नाव ठेवतोय. त्या म्हणतील, आधी तुमचा खड्डा बघा. हे म्हणतील, तू कशाला पहिल्यांदा गेलीस. आधी यंत्र बसू दे, मग बघू. बाळ छान रडतंय, म्हणजे बरंच असणार. तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईनं स्वतःला दिलेली ही कारणं आहेत. नळीला जागा हवी झाली नसती तर आणखी किती दिवस गेले असते, ते सांगता येत नाही. परक्याच्या बाळासाठी मी गेले नाही, माझ्या सांडपाण्यासाठी गेले, हे इथं लिहून ठेवते.

बाराव्या दिवशी दुपारी मी अडीच फुटी वाटेनं परसात गेले आणि रेघेपलीकडं उभी राहिले. अक्का आडाजवळ पातेलं घासत होत्या. मी म्हणाले, “अक्का, खिडकीतून एक बोटाएवढी नळी तुमच्या बाजूला सोडू का? पाणी वाया जातंय.”

त्यांनी हात थांबवला. “कसलं पाणी?”

मी सांगितलं. मग पदरात धरलेला कागद पुढं केला आणि उरलेलंही सांगितलं. मास्तरीणबाईंना सगळं नीट क्रमानं सांगायची सवय असते. त्या दिवशी क्रम राहिला नाही. अक्कांनी कागद घेतला नाही, हात ओले होते. म्हणाल्या, “आमच्या खड्ड्यामुळं म्हणतेस?”

“दोन्ही खड्ड्यांमुळं.”

“बाळाला काय होतं त्यानं?”

तेही सांगितलं. त्या उठल्या. आत सुनेला हाक मारून म्हणाल्या, “त्या बाटलीतलं देऊ नकोस.” मग चुलीवरचं पातेलं फडक्यानं धरून आणलं आणि उकळलेलं पाणी कढीलिंबाच्या आळ्याबाहेर ओतून टाकलं. परत आल्या.

“कागद कधी आला हा?”

खोटं बोलता आलं असतं. वरची तारीख इंग्रजीत होती, अक्कांना ती वाचता आली नसती. म्हणाले, “अकरा दिवस झाले.”

त्या कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. “अकरा दिवस,” एवढंच म्हणाल्या. मग पातेलं उचलताना म्हणाल्या, “नळी सोड. खाली बादली मी ठेवते.”

संध्याकाळी बाळाला डॉक्टरांकडं नेऊन आणलं. बाळ ठीक होतं. बरंचसं आईचंच दूध पीत होतं, पावडर रात्रीची एकदा. ते बाळाचं आणि आमचं नशीब. त्यात माझा हात नव्हता.

पुढचं सगळं लवकर झालं असं म्हणता येणार नाही. हे चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी थोरले भाऊजी परसात उभे राहून आमच्या खिडकीकडं तोंड करून म्हणाले, “आडात ब्लीचिंग पावडर टाकायची ती किती?” प्रश्न कुणाला होता ते कळलं नाही, पण हे उठून बाहेर गेले. जंतूंपुरता तो उपाय झाला. नायट्रेटवर त्याचा उपाय नाही. त्याला खड्डेच बंद व्हायला हवेत. गल्लीत भुयारी गटार येऊन बरीच वर्षं झाली होती, पण जोडणी कुणीच घेतली नव्हती. कारण परसातून रस्त्यापर्यंत पाइप न्यायचा तर त्या अडीच फुटी वाटेखालूनच, आणि तिथं खणायला दोघांची संमती हवी. पंचवीस वर्षांत ती कुणी मागितली नव्हती. २०२३ च्या मार्चमध्ये वाटेच्या फरशा उचलल्या, एकच पाइप घातला, दोन्ही संडास त्याला जोडले, दोन्ही खड्डे उपसून मुरूम भरून बुजवले. फरशा परत बसवताना जागेच्या मापावरून दोघा भावांत वाद झालाच. पण तो समोरासमोर, मोठ्यानं झाला. मला तो ऐकायला बरं वाटलं.

जमिनीत मुरलेलं एकदम निघत नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी मी आडाचं पाणी तपासून आणते. २०२३ साली नायट्रेट ८३ होतं, २०२४ साली ६९, २०२५ साली ५८. अजून ४५ च्या आत आलेलं नाही. तोवर यंत्र त्या फळीवर आहे. गाळण्या वेळेवर बदलते, रोज पाणी काढते. पटल फार दिवस बिनवापराचं ठेवलं तर खराब होतं.

खिडकीतून उतरलेली नळी आता अक्कांच्या बादलीत पडते. त्या पाण्यानं त्या अंगण धुतात, उरलेलं कर्दळीला आणि अबोलीला घालतात. आम्हाला नको असलेलं नायट्रेट झाडांना खतच असतं. अबोली फार फुलते. शुद्ध पाणी माझ्या तोटीतून त्यांच्या कळशीत जातं. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या खिडकीच्या कट्ट्यावर रिकामी कळशी ठेवतात आणि कडीला टिचकी मारतात. मी भरून परत ठेवते. नात तीन वर्षांची झाली; कधीकधी टिचकी ती मारते, कट्ट्याला हात पुरत नाही म्हणून आजीच्या कडेवरून.

त्या अकरा दिवसांविषयी अक्कांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मीही काढलं नाही. कळशी आत घेताना आम्ही भाजीचं बोलतो, पावसाचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो.